सातवी खुंटी

ज्या फोटोमुळे तातूकाकाची खोली गेली, तो फोटो माझ्याकडे आहे. फायलीतली झेरॉक्स नव्हे, मूळ रंगीत प्रत. एक भिंत, भिंतीवर ओळीने चोवीस लाकडी खुंट्या, आणि त्यातल्या एकीवर, दारापासून अकराव्या, निळा चौकड्यांचा शर्ट. बाकी सगळ्या मोकळ्या. फोटोत तातूकाका नाही. तो काढला तेव्हा काका शिमग्याला गावी गेला होता. तरी त्याच्याविषयी लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते, कारण फोटोखाली जी ओळ लिहिली आहे ती माझ्या अक्षरात आहे.

पण आधी माणूस सांगते.

तातू घाडी. लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्याला नऊ नंबरच्या खोलीत राहायचा. मिल बंद पडेपर्यंत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, पुढे मसाल्याच्या डंकावर लागला. उन्हाळ्यात बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन रांगा लावतात, तो डंक. मिरची त्याच्या कातडीत मुरली होती. अंघोळ केली तरी जायची नाही. तो जिन्याने वर आला की मागे प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी शिंकायचं. माझी आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "आला गं बाई तातू, दूध झाक."

आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणाचीही शिंक ऐकू आली तर निघणाऱ्याने दोन मिनिटं बसायचं आणि मग निघायचं, असा रिवाज. बाकीच्यांनी तो केव्हाच सोडला. तातूकाकाने सोडला नाही, आणि पंचाईत अशी की शिंका त्याच्याच वासाने यायच्या. डंकावर जायला निघाला की समोरची वहिनी शिंकली, बसला उंबऱ्यावर. उठला, की पोस्टमन शिंकला, पुन्हा बसला. मालक ओरडायचा. तातूकाका म्हणायचा, "माझो अर्धो जल्म उंबऱ्यार बसान गेलो. पण बसलंय म्हणान चार माणसां भेटली."

त्याची दुसरी सवय म्हणजे टॉवरच्या जाहिराती वाचणं. शिळा पेपर आणायचा आणि चष्मा नाकाच्या टोकावर आणून मोठ्याने वाचायचा. "तीन बेडरूम, समुद्राचा देखावा, वाहनतळ." मग पेपर खाली ठेवून गंभीरपणे हिशोब. "ह्यात किती वळकट्यो मावतले?" घर मोजायचं त्याचं माप वळकटी हेच होतं. चौरस फूट वगैरे त्याला कळत नसे असं नाही, पण त्याचा विश्वास नव्हता. "चाळीस. संडासाच्या भायेर दोन जास्तीचे. आणि रवतले किती? नवरो, बायको आणि कुत्रो."

नऊ नंबरची खोली त्याची नव्हती. ती गावाची होती. हे नीट सांगते, कारण सगळं याच्यावरच आहे. आमच्या गावचे पुरुष मिलमध्ये कामाला आले तेव्हा त्यांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली. बायकामुलं गावी, पुरुष इथे. पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी. खुंटी म्हणजे मुंबईतली तुमची जागा. लग्न होऊन कुणी वेगळं बिऱ्हाड केलं, कुणी कायमचा गावी गेला, की तो आपली खुंटी पुढच्या माणसाला देऊन जायचा. भाड्याची पावती गावच्या मंडळाच्या पहिल्या म्हाताऱ्याच्या नावावर होती. तो वारला तरी कुणी नाव बदललं नाही, मुद्दामच. जिवंत माणसाच्या नावावर केली तर एक दिवस तो म्हणेल खोली माझी, ही धास्ती.

या खोलीत दोन कडक नियम होते. खुंटी रिकामी असेल आणि दारात माणूस आला, तर नाही म्हणायचं नाही. आणि गावी जाताना आपले कपडे खुंटीवरून उतरवून जायचं. पाठीमागे कपडे लटकत राहतात ते मेलेल्या माणसाचे, जित्याने तसं करू नये. शिवाय आपण नाही तेवढे दिवस दुसऱ्या कुणाला खुंटी वापरता यावी.

माझे वडील त्या खोलीत आठ वर्षं राहिले. त्यांची खुंटी दारापासून सातवी. लग्न झाल्यावर दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, तेव्हा त्यांनी ती नव्याने आलेल्या तातू घाडीला दिली. मी लहान असताना बाबांबरोबर खाली जायची. तातूकाका मला उचलून धरायचा आणि म्हणायचा, "लाव गो, तुझ्या बापाशीच्या खुंटीक टॉवेल लाव." मी टॉवेल लावायची आणि शिंकायची. तो मला खाली ठेवून लगेच दोन मिनिटं बसायचा. "आपण खय चललो नाय, तरी बसलेला बरा."

मला हे सगळं आठवतं. लख्ख आठवतं. हे इथे लिहून ठेवते.

पुढे गावची मुलं मुंबईत यायची थांबली. आली तरी नालासोपाऱ्याला, बदलापूरला घरं करायला लागली. खोलीतली माणसं वारली, गावी गेली. शेवटी चोवीस खुंट्या आणि एकटा तातूकाका. संध्याकाळी मी ऑफिसातून येताना तो दाराशी बसलेला असायचा आणि आत भिंतीवर एकच सदरा. एकदा म्हणाला, "सुलू, रिकामी खुंटी भिंतीक वायट दिसता गो. दात पडल्यासारखी." मी हसून वर गेले. थांबायला हवं होतं. पण तेव्हा मी कुणाच्याच दाराशी थांबत नसे. वडील गेले, लग्न राहून गेलं, घरात आई आणि मी.

मग रामबदन आला. डंकावर पोती उचलणारा, उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा माणूस. ज्या गोदामात झोपायचा ते पाडलं, म्हणून एक दिवस तातूकाका त्याला घेऊन आला आणि अकरावी खुंटी दाखवली. नव्या माणसासाठी खोलीत देवासमोर गाऱ्हाणं घालायची पद्धत. त्या रविवारी सकाळी काकाने आम्हा चारदोन गाववाल्यांना बोलावलं, नारळ ठेवला आणि हात जोडून सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू लांबसून तुझ्या दारात इला हा..."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"तेच्या वाटेत काय आडयेळा असात ती दूर कर रे म्हाराजा! तेच्या पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

रामबदनला काही कळलं नाही, पण तिसऱ्या वेळी तोही म्हणाला, "होय महाराजा." तातूकाकाला एवढा आनंद झाला की नारळ फोडताना पाणी सगळं स्वतःच्याच अंगावर सांडलं.

आता गंमत अशी की हाच तातू घाडी जन्मभर 'बाहेरच्यांना हाकला' म्हणणाऱ्या पक्षाला मत देत आला. सभेला जायचा, घोषणा द्यायचा, घसा बसवून घरी यायचा. मी त्याला त्यावरून टोकलं. "तातूकाका, सभेत ओरडतोस बाहेरचे नकोत, आणि इथे भय्याला खुंटी देतोस?"

तो मिश्किल हसला. "तां राजकारण. ह्यो माणूस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय नाय. जेवलंस तू?"

चाळीच्या पुनर्विकासाचं ठरलं त्याच वर्षी निवडणूक आली आणि चौकात दोन्ही उमेदवार येऊन गेले. पहिला म्हणाला, रोज लोंढे येतायत, शहर फुगलंय, म्हणून तुमच्या पोरांना घर नाही. आधी लोंढे थांबवा. दुसरा म्हणाला, माणसं येणारच, घरं कमी आहेत हा खरा आजार, मजले वाढवू द्या, परवानग्या सोडवा. टाळ्या दोघांनाही पडल्या. मीही वाजवल्या, दोघांना. माझा भाऊ बदलापूरहून रोज दोन तास प्रवास करून कामावर येतो. मला दोघांचंही पटत होतं.

तातूकाका उभा राहिला. आमच्या कमिटीचा अध्यक्ष बाळा सावंत कपाळाला हात लावून म्हणाला, "बस की रे तातू." पण तो बसला नाही.

"पयल्या सायबांक इचारतंय, खयच्या सालापासून थांबवतलास? मी इलंय तेवापण लोक म्हणत, ममई भरली. माका थांबवल्यानी नाय म्हणान मी हय उभो आसय. दुसऱ्या सायबांक इचारतंय, मजले वाढवा, पण वरच्या मजल्याच्यो चाव्यो कोणाक देतलास? समोरच्या टॉवरात रातीक चार दिवे लागतत. बाकीची घरां कोणासाठी बांधल्यानी?"

लोक हसले. दुसरा उमेदवार म्हणाला, चांगला मुद्दा आहे आजोबा.  तेवढ्यात काकाच्या शेजारचा एक कार्यकर्ता शिंकला आणि तातूकाका मुकाट्याने खाली बसला. पुन्हा हशा झाला.

मी कमिटीची सेक्रेटरी होते. अक्षर चांगलं म्हणून. कोणत्या खोलीत कोण राहतं याचा सर्व्हे व्हायचा होता. ज्याचं नाव पात्र, त्याला नव्या इमारतीत घर. सावंताने आधीच बजावलं होतं, एकाही खोलीचा वाद उभा राहिला तर अख्खं काम अडकेल. आणि दुसरं, परप्रांतीय कुणी पोटभाडेकरू म्हणून घुसला असेल तर ती खोली अपात्र लिहायची. सभेत हात वर करून ठरलं. मी इतिवृत्तात लिहिलं, एकमताने मंजूर. तातूकाकाने हात वर केला होता की नाही ते मी पाहिलं नाही.

माझी आई तेव्हा शहात्तरची होती. गुडघे गेलेले. संडास मजल्याच्या टोकाला, सहा बिऱ्हाडांत एक. तिची एकच इच्छा होती, घरात आतच मोरी आणि संडास असलेलं घर डोळ्यांनी बघायचं. मी तिला हाताला धरून त्या टोकापर्यंत न्यायची, आणि वाटेत ती दर वेळी विचारायची, "कधी होणार गं?" हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण ते होतं.

सर्व्हेवाले शिमग्याच्या आठवड्यात आले. अर्धी चाळ कोकणात, गावी. बाकीच्यांच्या खोल्या बायको-मुलांनी उघडून दाखवल्या. नऊ नंबरचं दार रामबदनने उघडलं. भिंतीवर त्याचा एकट्याचा निळा शर्ट. तातूकाकाने नियमाप्रमाणे आपले कपडे उतरवून, ट्रंक बांधून सोबत नेली होती. सातवी खुंटी रिकामी.

"तू यहाँ रहता है?" सर्व्हेवाल्याने विचारलं.

"हाँ साहब."

"भाडा किसको देता है?"

"भाडा नहीं देता, साहब. काका की खुंटी है."

सर्व्हेवाल्याला काही समजलं नाही. त्याने फोटो काढला आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, इथे दुसरं कोणी राहतं? सामान तर दिसत नाही."

सावंत माझ्या शेजारी उभा होता.  मी सांगायला हवं होतं की आमच्यात गावी जाताना कपडे उतरवून ठेवतात, ही सातवी खुंटी तातू घाडीची, तो पंचेचाळीस वर्षं इथे आहे. हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण मग तो विचारणार, पावती कुणाच्या नावावर? मेलेल्याच्या. खोली कुणाची? गावाची. गाव कोण? म्हणजे वाद. म्हणजे आणखी एक पावसाळा, आईचा हात, आणि मजल्याचं ते टोक.

मी फॉर्मवर, आणि नंतर फोटोखालीही, लिहिलं, 'मूळ भाडेकरू हयात नाही. सध्या परप्रांतीय पोटभाडेकरूचा वापर.' पोटभाडेकरू भाडं देतो. रामबदन देत नव्हता. मला माहीत होतं. रामबदनला मराठी वाचता येत नव्हतं. तो मला म्हणाला, "दीदी, चाय पियोगी?"

तातूकाका परत आला तो आईसाठी कुळथाचं पीठ आणि माझ्यासाठी फणसाची साठं घेऊन. नोटीस दाराला चिकटवलेली होती, सोबत मी भरलेल्या फॉर्मची प्रत. त्याने ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाला, "सुलूचा अक्षर ना ह्या? सुंदर आसा." खरंच तसंच म्हणाला. टोमणा होता का, हे मी अजून ठरवू शकलेली नाही.

सावंत वाईट माणूस नव्हता. त्याने मार्ग सुचवला. तातूने लिहून द्यावं की खोली वारसाने आपली, आणि आपण गावी गेलो असताना रामबदन कुलूप तोडून घुसला. मग आपण सगळे पाठीशी उभे राहू. तातूकाका आमच्याच घरात बसून हे ऐकत होता. त्याने चहा बशीत ओतला.

"बाळा, खोली माजी न्हय ती. गावाची. उद्या गावचो कोणी दारात इलो तर काय सांगू, मी खाल्लंय?"

"गावचं कोण येतंय आता तातू? सगळे बदलापूरला."

"येवचे नाय. पण इलो तर?" त्याने बशी तोंडाला लावली. "आणि तो कुलूप मोडून खय इलो? मीच तेका हाताक धरून हाडलंय. गाऱ्हाणां घातलां. ही पण होती." त्याने माझ्याकडे बोट केलं. मी कपबशा उचलून आत गेले.

सुनावणी दुपारी होती. लांबट खोली, पंखा, टेबलामागे साहेब. फायलीत तो फोटो वरच लावलेला. साहेब कंटाळलेले होते पण सभ्य होते. म्हणाले, "आजोबा, तुम्ही राहत होता याचा काही पुरावा? तुमचं रेशन कार्ड गावचं. मतदान कार्डावर पत्ता डंकाचा. फोटोत तुमचं काही नाही."

तातूकाकाने खुंटीचं सांगायचा प्रयत्न केला. त्याचं मालवणी साहेबांना अर्धंच कळत होतं. सातवी खुंटी, कपडे उतरवणं, मेलेला माणूस, देव. ऐकणाऱ्याला ते वेडगळच वाटत असणार. शेवटी तो थांबला आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर अगदी निवांतपणा, जणू आता काम झालंच.

"ह्या चेडवाक इचारा सायबांनू. हिचो बापूस आमच्यातलोच. ती खुंटी हिच्या बापाशीचीच. तिका सगळा ठावक आसा."

साहेब म्हणाले, "हं, बोला मॅडम."

सावंत जमिनीकडे बघत होता. मी म्हणाले, "मला नक्की आठवत नाही."

एवढंच. पाच शब्दही नाहीत.

 तातूकाका साहेबांकडे वळला आणि मला सांभाळून घेतल्यासारखं म्हणाला, "ऱ्हवांदे सायबांनू. ल्हान होती ती तेवा."

आमच्या चाळीला परवानगी मिळाली. काम वेगात झालं, वाद नव्हता म्हणून. आई मात्र इमारत उभी राहीपर्यंत मिळालेल्या भाड्याच्या घरातच वारली. तिथे संडास आत होता. ती पहिल्या दिवशी दार उघडून बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. त्यानंतर सात महिने जगली.

मी आता एकोणिसाव्या मजल्यावर राहते. दोन खोल्या, हॉल, आणि दूरवर बंदराची क्रेन. भिंतीला खिळा ठोकायला परवानगी लागते. मला मूल नाही, भावाला बदलापूरची सवय झाली, तो येत नाही. समोरच्या घरात तीन वर्षांत कुणी राहायला आलेलं नाही. नवे उमेदवार अजून तेच बोलतात, माणसं थांबवा, मजले वाढवा. खालून भोंग्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. एकदा मी हॉलमध्ये चालून मोजलं. माझ्या घरात अठरा वळकट्या मावतात. स्वयंपाकघर सोडून.

तातूकाकाला मी शेवटचं पाहिलं ते खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी. चाळभर टेम्पो, पिंपं, गाद्या. त्याच्या खोलीला आधीच सील लागलं होतं, पण कामगारांनी दार काढून नेलं होतं, म्हणून आत जाता येत होतं. रामबदनच्या गाववाल्यांची ठाण्यापलीकडे दिव्याला एक खोली होती. सात माणसं, आठवी जागा त्यांनी काकाला दिली होती. रामबदन डोक्यावर ट्रंक घेऊन चौकात उभा होता.

मी जिन्याच्या खाली, मीटरच्या पेट्यांमागे होते. लपले होते, असंच लिहायला हवं. तातूकाका खोलीतून बाहेर आला. हातात खुंटी होती, भिंतीतून उपटलेली, टोकाला चुन्याचा गोळा. ती त्याने पिशवीत घातली, चपला घातल्या, आणि नेहमीच्या वासाची झुळूक जिन्याखाली आली.

मला शिंक आली. तोंडावर पदर दाबला तरी आली.

तातूकाका थांबला. वळून पाहिलं नाही. आता दार नव्हतं, पण उंबरा होता. तो उंबऱ्यावर बसला, पिशवी मांडीवर घेतली.

"चलो काका, टेम्पो खडा है," रामबदन म्हणाला.

"थांब रे. शिंक इली." मग जरा मोठ्याने, चौकाकडे तोंड करून म्हणाला, "घाई नाय. बसलंय मी."

मी पेटीच्या थंड पत्र्याला हात टेकून उभी होते. चार पावलं होती. तो बसला, दोन मिनिटांपेक्षा जास्त बसला, टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला तरी बसला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठला, आणि रामबदनच्या मागून चौक ओलांडून गेला.